साळवे मॅडमचं नशीब

गेल्या महिन्यात अंबरनाथला एका लग्नात आमच्या जुन्या कंपनीतले चार-पाच जण भेटले. जेवताना साळवे मॅडमचा विषय निघाला. पर्चेसमधला दळवी श्रीखंडाची वाटी बोटानं पुसत म्हणाला, "काय नशीब काढलं हो त्या बाईनं! टेलिफोन ऑपरेटर होती. बदलापूरला कुणी कुत्रं जात नव्हतं तेव्हा घरं घेऊन ठेवली, आता बसून खाते. आणि कंजूष किती? चांगली घरं सगळी भाड्यानं, आणि स्वतः राहिली कुठं, तर कॅम्प पाचच्या त्या पडक्या बिल्डिंगमध्ये. डोक्यावर स्लॅबला भोक!"

सगळे हसले. मी ताट तसंच ठेवून उठलो.

दळवीचा राग आला होताच. पण त्याहून जास्त राग आला तो माझा. साळवे मॅडम त्या भोक पडलेल्या स्लॅबखाली का राहत होत्या, हे त्या टेबलावर फक्त मला माहीत होतं, आणि मी हात धुवायच्या निमित्तानं निघून गेलो. बोलायचं तेव्हा गप्प बसायचं आणि गप्प बसायचं तेव्हा बोलायचं, हा माझा जुना रोग आहे. म्हणून आता लिहितोय. 'नशीब' हा शब्द त्या बाईला लावलेला मी पुन्हा ऐकून घेणार नाही.

मी अंबरनाथच्या त्या रंगाच्या कंपनीत डिस्पॅच क्लार्क म्हणून लागलो तेव्हा साळवे मॅडम पस्तिशीच्या असतील. शकुंतला साळवे. रिसेप्शनच्या काचेच्या केबिनमध्ये टेलिफोनच्या बोर्डासमोर बसायच्या. ठेंगण्या, घट्ट वेणी, खळ घातलेली सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. त्यांना दोन आवाज होते. फोनवरचा आवाज इतका गोड, की गुजरातचे व्यापारी ऑर्डरचं बोलणं संपलं तरी फोन ठेवायचे नाहीत. आणि फोन ठेवल्यावरचा आवाज सँडपेपरसारखा. कुणी त्यावर बोललं तर म्हणायच्या, "तो कंपनीचा आवाज. हा माझा."

आणि हा 'माझा' आवाज सदा चिडलेला. नेलेलं पेन परत न आणणाऱ्यावर, फोनवर नाव न सांगता "साहेबांना दे" म्हणणाऱ्यावर, चहात बोट बुडवून आणणाऱ्या शिपायावर. मला सुरुवातीला वाटायचं, ह्या बाईला कशाचा एवढा राग येतो? तो प्रश्न मला पुढं विचारावा लागला नाही. उत्तर डोळ्यांसमोरच घडलं.

त्या तेव्हा कॅम्प पाचला, फाळणीनंतरच्या निर्वासित छावणीच्या जुन्या बराकीतल्या एका खोलीत वडिलांबरोबर राहायच्या. शेजारी जीन्स धुण्याचा कारखाना सुरू झाला होता आणि त्या वासानं वडिलांचा दमा वाढला होता. अंबरनाथ पूर्वेला भाड्यानं घर बघत होत्या. माझ्या ओळखीच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता. मी एजंटचा नंबर दिला. फोनवर सगळं ठरलं. एजंट तर त्यांच्या आवाजावर खूश होता. रविवारी त्या वडिलांना घेऊन आल्या, मीही गेलो. फ्लॅट आवडला. खाली उतरलो तर सोसायटीचे सेक्रेटरी जिन्याशी उभे. बनियनवर शर्ट अडकवलेला, बटणं उघडी.

"पूर्ण नाव काय म्हणालात?"

"शकुंतला साळवे."

"साळवे. अच्छा. साळवे म्हणजे... मूळचे कुठले?"

"कॅम्प पाच."

"तसं नाही हो. साळवे म्हणजे आपल्यातले, की...?"

मॅडमनी पर्सची चेन लावली आणि त्यांच्याकडे बघत म्हटलं, "की काय? वाक्य पूर्ण करा."

सेक्रेटरींनी वाक्य पूर्ण केलं नाही. असली माणसं कधीच करत नाहीत. "मीटिंगमध्ये विचारून कळवतो," म्हणाले. वडील खाली मान घालून चपलेचा अंगठा सारखा करत राहिले. आणि मी? मी नोटीस बोर्ड वाचत होतो. टाकी साफ करायची तारीख होती त्यावर. ती मी तीनदा वाचली.

रस्त्यावर आल्यावर मॅडम वडिलांना रिक्षात बसवून माझ्याकडे वळल्या. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "सावंत, आजपासून घर मागणं बंद. आता मी घर देणार. बघतेच."

तर नशिबाची ही अशी सुरुवात झाली.

वडिलांच्या फंडाचे पैसे होते आणि कंपनीच्या पतपेढीचं कर्ज मिळण्यासारखं होतं. अक्कल मात्र कुणाकडून तरी घ्यायला हवी होती. ती त्यांना मूलचंदकाकांनी दिली. काकांचं कॅम्प पाचला टाइल्स आणि नळांचं दुकान होतं. कोण घर विकतोय, कुणाला घाई आहे, हे सगळं दुकानात बसल्या बसल्या त्यांना कळायचं. मॅडमनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बेटी, टाइल मेरे से ले, पर मकान टाइल देख के मत ले. कागज देख. और झेरॉक्स नहीं, असली कागज." बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे करार, पालिकेची परवानगी, टॅक्सची पावती, लाइटबिल कुणाच्या नावावर, हे सगळं त्यांनी मॅडमना दुकानाच्या स्टुलावर बसवून शिकवलं. मॅडम लंच टाइममध्ये केबिनमध्ये डबा खाता खाता करारनामे वाचायच्या. कंपनीत हसायचे सगळे. दळवीही.

पहिलं घर अंबरनाथ पूर्वेलाच, तळमजल्यावर. मागची भिंत हिरवी पडलेली, प्लास्टर फुगलेलं. वर्षभर गिऱ्हाईक नव्हतं. मॅडम ते घर ऑगस्टमध्ये तीनदा बघून आल्या. "उन्हाळ्यात घर बघणं म्हणजे नवरदेवाला वरातीत बघणं," म्हणायच्या. पर्समध्ये टॉर्च आणि मोजपट्टी असायची, आणि एक रुपयाचं नाणं. नाण्यानं भिंत वाजवत जायच्या. त्यांच्या लक्षात आलं की पाणी बाहेरून येतच नाही, वरच्या घराच्या मोरीतून झिरपतंय. मालकाला ते दहा वर्षांत कळलं नव्हतं. घर घेतल्यावर त्यांनी आधी वरच्या बाईंची मोरी स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून दिली, मग आपली भिंत धरली. दिवाळीपर्यंत घर कोरडं. त्यात दोन नर्सेस भाडेकरू ठेवल्या. दोघी अविवाहित, म्हणून त्यांना गावात कुणी खोली देत नव्हतं. त्यांच्या भाड्यात कर्जाचा हप्ता निघायचा.

पुढचं घर बदलापूरला, ते विकण्यासाठी. ओटा आणि बाथरूम तेवढं नवं केलं, बाकी नुसता चुना. सात महिन्यांत विकलं. त्यांचं एक गणित होतं: "विकायचं घर बाईच्या नजरेनं दुरुस्त करायचं, ठेवायचं घर प्लंबरच्या नजरेनं." विकून आलेल्यात ठेवायचं घर घ्यायच्या, ठेवलेल्याच्या भाड्यावर पुढचं विकायचं घर उभं करायच्या. पुढं अंबरनाथलाच आणखी एक घर घेतलं आणि वडिलांना घेऊन त्या बराकीतून तिथं राहायला आल्या. नोकरी सोडली नाही. सकाळी नऊला बोर्डावर, रविवारी गवंड्याच्या डोक्यावर. गवंडी त्यांना टरकून असायचे. एकदा एकानं ओट्याखाली टाइल न बसवता नुसतं सिमेंट फासलं. "तिथं कोण बघतंय, मॅडम?" म्हणाला. मॅडमनी त्याच्या हातातली थापी घेतली आणि सगळं खरवडून काढलं. "जिथं कोण बघत नाही तिथंच झुरळं होतात. कर परत."

दळवी म्हणतो तसं बदलापूरला मातीमोल भावानं मिळेल ते त्यांनी उचललं नाही. नदीच्या बाजूला एक बिल्डर तळमजल्याचे तीन गाळे एकदम देत होता, भाव खरंच कमी. मी म्हटलं, "घ्या मॅडम, अशी संधी येत नाही." त्या मला घेऊन बदलापूर गावात गेल्या. तिथं एक म्हातारी आगरीण दारात सुकट निवडत बसली होती. मॅडम तिच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "आजी, नदीचं पाणी कुठवर येतं?"

म्हातारीनं त्या बिल्डिंगकडे हात केला आणि हसली. "बाय, त्या घर घेशील त एक होरीपन घे."

होरी म्हणजे होडी. तिनं एक चिंचेचं झाड दाखवलं, पुराचं पाणी तिथवर चढतं म्हणून तिच्या सासऱ्यानं तिला दाखवलेलं. बिल्डिंग त्या चिंचेहून खालच्या अंगाला होती. मॅडमनी तिथल्या तिथं गाळे नको म्हणून कळवून टाकलं. बिल्डर म्हणाला, अडाणी बाईचं ऐकता? पुढच्याच जुलैत नदी आत आली आणि त्या तळमजल्यावर पंख्यापर्यंत पाणी चढलं. आमच्या पर्चेसमधल्या एकानं तिथं घर घेतलं होतं. तो कोण, हे मी सांगत नाही. लग्नात श्रीखंड खात होता.

त्या सोसायटीचंही सांगायला हवं. ज्या सेक्रेटरींनी वाक्य अर्धवट सोडलं, त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला तातडीनं गावी परतायचं होतं. मूलचंदकाकांकडून खबर आली आणि मॅडमनी मालकाशी थेट बोलून तो फ्लॅट घेतला. सोसायटीनं आठ महिने ना हरकत पत्र दिलं नाही. कधी सही राहिली, कधी मीटिंग झाली नाही. मधे एकदा त्यांच्याच फ्लॅटची पाण्याची लाइन बंद झाली. मॅडम दर रविवारी सोसायटीच्या ऑफिसात जायच्या, उपनियमांचं पुस्तक उघडायच्या आणि सेक्रेटरींसमोर मोठ्यानं वाचायच्या. लोक खिडक्यांतून बघायचे. शेवटी मॅडमच्या तक्रारीवरून सहकार निबंधकांच्या ऑफिसातून सोसायटीला पत्र आलं, आणि सेक्रेटरी शेअर सर्टिफिकेट घेऊन स्वतः कंपनीच्या रिसेप्शनला आले. मॅडमनी ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "नावाचं स्पेलिंग चुकलंय. दुरुस्त करून आणा."

मी खूश झालो होतो. पेढे आणतो म्हणालो. त्या माझ्यावरच भडकल्या. "कसले पेढे? आठ महिने गेले माझे. जे इतरांना आठवड्यात मिळतं ते मिळवायला आठ महिने. ह्यात आनंद कसला मानायचा?" वर्षभरात त्यांनी तो फ्लॅट विकून टाकला. त्या जिन्यावर तेवढ्या काळात एका माणसानं त्यांना "कशा आहात" म्हणून विचारलं नव्हतं.

त्या देवी वगैरे नव्हत्या. तसं लिहिलं तर त्याच माझ्यावर चिडतील. कॅम्प पाचला त्यांनी एक घर विकण्यासाठी घेतलं, त्यात गणपत मास्तर नावाचे एक म्हातारे शिंपी भाड्यानं होते. वीस वर्षं तिथंच. पुढच्या खोलीत मशीन, मागं राहणं. रिकामं केल्याशिवाय घर विकलं जाणार नव्हतं. मॅडमनी त्यांना सरळ सांगितलं, दोन महिन्यांत जागा हवी. मास्तरांनी हात जोडले. मी मॅडमना म्हणालो, "तुम्हाला दाराबाहेर उभं केलं होतं ते विसरलात का?" त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाल्या, "तुमच्याकडे ठेवा त्यांना. ठेवता? तुमच्या गॅलरीत मशीन मावेल." त्यांनी मास्तरांना बदलापूर गावात खोली बघून दिली, सामानाचा टेम्पो दिला. पण गिऱ्हाईक कॅम्प पाचला आणि मास्तर बदलापुरात. वर्षभरात मशीन बंद पडलं. मॅडमनी ह्याचं समर्थन कधी केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "माणूस राहतोय असं घर विकायला घ्यायचं नाही. हे मला आधी कळायला हवं होतं." त्यानंतर त्यांनी तसं घर घेतलं नाही, आणि भाडेकरूला मुदतीआधी कधी काढलं नाही. मास्तरांना त्याचा काय उपयोग, असं त्याही स्वतःला विचारत असतील.

आता माझ्याकडे येतो.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, बायको गरोदर होती आणि आम्ही आई-वडिलांबरोबर एका खोलीत राहत होतो. मॅडमनी कॅम्प पाचला नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट घेतला होता, भाड्यानं द्यायला. मला तो हवा होता. मी बँकेत गेलो, बँकेनं कर्ज नाकारलं. पालिकेचा पूर्णत्वाचा दाखला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "बँक नाही म्हणते त्याला कारण असतं. थांबा थोडं."

"मग तुम्ही कसा घेतलात?"

"मी भाड्यावर टाकायला घेतलाय. बुडाला तर माझा बुडेल. तुमचं एकच घर असणार."

मी थांबलो नाही. दाखल्याचं विचारायला बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आलो. तो निघाला आमच्या तालुक्यातला. मालवणीत बोलला, चहा पाजला. "आपल्या माणसाक फसवतलंय मी? दोन महिन्यांत दाखलो हातात." आपला माणूस! झालं. मी मॅडमच्या मागं लागलो. दोन आठवडे रोज. बायकोला घेऊन रिसेप्शनला गेलो. बायकोचं पोट बघून त्यांनी नाइलाजानं मान हलवली. त्यांनी त्यावर थोडा नफाही घेतला. "फुकट देत नाही मी," म्हणाल्या. मी वडिलांचा फंड आणि बायकोचे दागिने घालून घर घेतलं. त्या वर्षी मॅडमचे वडील वारले. मी पोचवायला गेलो होतो.

दीड वर्षांनी बिल्डिंगच्या भिंतीवर पालिकेची नोटीस चिकटली. बांधकाम बेकायदा. परवानगीचा जो कागद बिल्डर दाखवत होता तो दुसऱ्याच प्लॉटचा, नाव खोडून झेरॉक्स काढलेला. मी धावत बिल्डरच्या ऑफिसला गेलो. शटर बंद. मोबाइल बंद. आपला माणूस गावालाही नव्हता.

तिथून मी थेट कंपनीत गेलो. सकाळचे साडेनऊ. रिसेप्शनमध्ये पाच-सहा माणसं बसलेली, दोन पार्टीची, एक कुरियरवाला, दळवीही होता. मी काचेवर हात आपटला आणि ओरडायला लागलो. फसवलंत, लुबाडलंत, माझं पोर रस्त्यावर आणलंत. मॅडम हेडफोन घालून ऐकत होत्या, उलट बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्यानं मी आणखी पेटलो आणि म्हणालो, "शेवटी जात दाखवलीतच तुम्ही!"

कुरियरवाल्यानं हातातलं पाकीट खाली ठेवलं.

नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत राहिलो, की हे बोलायची पद्धत असते, आपण कुणालाही म्हणतो, तोंडातून निघून जातं. खोटं आहे ते. बिल्डरचं शटर मी एक तास बडवत होतो तेव्हा माझ्या तोंडातून हे निघालं नव्हतं. त्याला मी चोर म्हटलं, हरामखोर म्हटलं. जात आठवली नाही. ती साळवे मॅडमसमोर उभा राहिल्यावरच बरोबर आठवली. सेक्रेटरींनी निदान वाक्य अर्धवट सोडलं होतं. ते मी पूर्ण केलं.

तेवढ्यात फोन वाजला. मॅडमनी बटण दाबलं आणि त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, नमस्कार. हो, आहेत ना साहेब. एक मिनिट हं, लाइन देते." आवाज तसूभर हलला नाही. लाइन दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सावंत, तुमचा ट्रक गेटवर उभा आहे."

एरवी पेनावरून आकाश डोक्यावर घेणारी बाई त्या दिवशी चिडली नाही.

तिसऱ्या दिवशी त्या डिस्पॅचमध्ये आल्या. बसल्या नाहीत. "परवानगीचा असली कागद मी बघितला नव्हता. झेरॉक्सवर घेतलं. पहिल्यांदाच. ती चूक माझी. घाईनं घर मागितलंत ती तुमची. पण विकलं मी आहे. महिनाअखेरीस वकिलाकडे या, घर परत माझ्या नावावर करा, तुम्ही दिलेले सगळे पैसे घेऊन जा."

मी गेलो. पैसे घेतले. बायकोनं घरी विचारलं, "त्यांनी कुठून आणले असतील हो?" मी म्हणालो, "त्यांना काय कमी आहे?"

सहा महिन्यांनी नळ घ्यायला मूलचंदकाकांच्या दुकानात गेलो तेव्हा कळलं. काकांनी नळ पुड्यात बांधला आणि पुडा हातात न देता माझ्याकडे बघत राहिले.

"तेरे को मालूम नहीं? उसने अपना रहने का मकान बेच दिया."

"राहतं? बाकीची घरं होती की."

"बाकी सब में किरायेदार थे, ग्यारह महीने का अ‍ॅग्रीमेंट चालू था. बोली, काका, मैं किसी को बीच में नहीं निकालूंगी. अपना बेच के तेरे को दिया. और खुद उधर रहती है, उसी बिल्डिंग में."

पालिकेचे लोक तोवर येऊन गेले होते. वरच्या मजल्यांपासून त्यांनी प्रत्येक घराच्या हॉलमध्ये स्लॅबला भोकं पाडली आणि तिसऱ्या मजल्यावर काम थांबलं. का थांबलं, कुणी थांबवलं, कुणी सांगितलं नाही. बिल्डिंग तशीच उभी राहिली, चाळणीसारखी. काका म्हणाले, "मैंने बोला, किराये पे दे दे, लोग लेते हैं ऐसा भी. बोली, ऐसे घर में किरायेदार नहीं रखती मैं. रहना है तो खुद रहूंगी."

डोक्यावर ताडपत्री आणि पत्रा टाकून साळवे मॅडम तिथं तीन वर्षं राहिल्या. खोट्या कागदावर बिल्डिंग उभी करणारा माणूस पुढं दुसऱ्या नावानं दुसरीकडे बांधकाम करत होता, असं ऐकलं. त्याला कुणी कंजूष म्हणत नाही, कुणी नशीबवानही म्हणत नाही. मोठा माणूस म्हणतात.

माफी मागायला मी गेलो नाही. आधी लाज, मग सवय. रोज त्यांच्या काचेसमोरून जायचो. त्या मला "सावंत, तुमचा फोन" एवढंच म्हणायच्या, कंपनीच्या आवाजात. 'माझा' आवाज त्यांनी माझ्यासाठी बंद केला होता. पुढं कंपनी गुजरातला हलली आणि आम्ही सगळे पांगलो.

शेवटचं बघितलं ते बदलापूर पूर्वेला. मी अजून भाड्याच्याच घरात होतो आणि दुसरं शोधत होतो. एजंट म्हणाला, "मालकीण कडक आहे, पण घर पक्कं. पाणी, कागद, सगळं क्लिअर." दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो तर जिन्यावर काम चाललेलं, आणि वरच्या पायरीवर पदर खोचून साळवे मॅडम उभ्या. केस बरेच पांढरे. त्यांनी मला ओळखलं आणि एजंटला खाली थांबायला सांगितलं.

"बोला सावंत. मुलगी केवढी झाली?"

"पहिलीत जाते." मग मी एकदम म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी रिसेप्शनमध्ये मी जे..."

"माहितीये काय बोललात. मी तिथंच होते."

"माफी मागायची होती."

"मागायची होती, तर इतकी वर्षं काय करत होतात? रोज समोरून जात होतात. आज घर बघायला आलात आणि मालकीण मी निघाले, म्हणून आठवलं." त्या ओरडत नव्हत्या. पण आवाज त्यांचा होता, खरखरीत. "आणि घेऊन मी काय करू ती? तुम्हाला बरं वाटावं म्हणून घेऊ? ठेवा तुमच्याकडेच."

त्यांनी पदराला हात पुसले.

"घर बघायचंय? पाणी सकाळी एक तास येतं, जोरात येतं. वारा चांगला आहे. एक तारखेला रिकामं होतंय."

"मला द्याल?"

"का नाही देणार? मी कुणाला नाही म्हणत नाही. भाडं मात्र एक रुपया कमी होणार नाही."

मला ते घर हवं होतं. मला ते घेणं शक्य नव्हतं. "नको," मी म्हणालो.

"बरं." त्या वळल्या, तेवढ्यात माझ्या पायांकडे त्यांचं लक्ष गेलं. "कडेनं उतरा. भिंतीला धरून. मधलं सिमेंट ओलं आहे, तुमचा पाय उमटला तर तसाच राहील."

मी भिंतीला हात लावत, चवड्यांवर, एकेक पायरी चाचपत उतरत होतो. वर त्यांनी गवंड्याला धरलं होतं. "अरे उतार दे, उतार! डोळे आहेत ना? पाणी थांबलं नाही पाहिजे इथं. फोड ते, आणि परत कर."